शिवणीवर बोटं

१७ सप्टेंबर १९९४
बसमध्ये

बस हलतेय, म्हणून अक्षर असं. मागच्या सीटवर ल्यूथर झोपलाय आणि त्याचे गुडघे माझ्या पाठीत रुतलेत. ल्यूथर म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल संघातला माझा सेंटर. मैदानावर तो वाकून पायांमधून मला चेंडू देतो आणि खोलीवर माझे मोजे वापरतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तुझ्याइतकाच हट्टी आहे, वजन तुझ्या तिप्पट.

जिंकलो. तू रेडिओ लावला नसशील, बाबांनी लावला असेल. असंच चाललं तर हंगाम संपायच्या आत सगळ्या विभागाचा विक्रम माझ्या नावावर होईल, असं पेपरवाले म्हणतात. आजवर कुणीच चेंडू इतक्या लांबवर, इतक्या वेळा फेकला नाही म्हणे. मला मोजायला सांगू नकोस.

तू फोन उचलत नाहीस. बाबा उचलतात आणि सांगतात, बर्नी गोठ्यात आहे. आपल्याकडे गाई आहेत तरी किती? म्हणून पत्र लिहितोय. पत्र टेबलावर पडून राहतं, आणि टेबलावर काही पडून राहिलेलं तुला खपत नाही.

तू का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. विचिटाहून टीव्हीवाली बाई आली होती, त्यामुळे. तिने माझा उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला, उरलेला अंगठा आणि करंगळी नीट दिसतील असा, आणि विचारलं, त्या दिवशी मशीन कुणी बंद केलं? मी म्हणालो, बहिणीने. तोंडातून निघून गेलं. मग ती म्हणाली, किती वर्षांची होती ती? मी म्हणालो, बारा. तिचे डोळे भरून आले. आता ते परत कसं घेणार?

मशीन आईने बंद केलं, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांना माहीत आहे. चौथ्या कुणाला माहीत असायची गरज काय? आई असती तर हसली असती. तुझ्याबद्दल चार लोकांनी चांगलं बोललेलं तिला आवडलं असतं.

बाबा सांगत होते, चर्चबाहेर मिसेस ड्रायलिंगने तुला सगळ्यांसमोर मिठी मारली. आणि शाळेने तुला पोरांशी बोलायला बोलावलं, शेतातल्या यंत्रांपासून सावध कसं राहावं यावर. तू गेली नाहीस. जायला हवं होतंस. आपल्या ओटिलिया गावात तुझ्याइतकं सावध दुसरं आहे कोण?

हे गमतीने लिहिलंय.

सकाळी माझ्या हातून कॉफीचा कप ल्यूथरच्या पायावर पडला. तो म्हणाला, लाइकर, तुला दीडच हात आहे, तेवढा तरी सांभाळ. सगळी बस हसली. मीही हसलो.

डॅरिल


३ ऑक्टोबर

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ होती. ‘उजव्या हाताने का लिहिलंस?’

इतक्या आठवड्यांनी तू मला लिहिलेला पहिला शब्द, आणि तो अक्षराबद्दल. बस हलत होती. तसं लिहिलंही होतं. हलत्या बसमध्ये मला उजवा हात बरा पडतो, कारण पेन अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत घट्ट बसतं. ते कसं धरायचं हे मला तूच शिकवलंस. शाळेत सिस्टर अगाथाने डाव्या हाताने लिहायची परवानगी द्यायच्या आधी.

आजही उजव्यानेच लिहितोय. डावा बर्फाच्या बादलीत आहे. फेकणाऱ्या प्रत्येकाचा असतो. आमचा ट्रेनर गॉर्डन सगळ्यांचेच हातपाय बर्फात घालतो, त्याच्या हातात असतं तर त्याने बायकोलाही घातलं असतं.

आता मुद्द्याचं. कॉलेजने पोस्टर छापलंय. त्यावर मी नाही. माझा उजवा हात आहे, नुसता, दरवाजाएवढा. खाली लिहिलंय, ‘दोन बोटं पुरेशी.’ मी चेंडू फेकतो डाव्या हाताने, पण डाव्या हाताचं पोस्टर कोण लावणार? तो इतरांच्या हातासारखाच दिसतो.

आता मैदानात नवीन खूळ आलंय. आम्ही गुण मिळवला की लोक अंगठा आणि करंगळी वर करतात, मधली तीन बोटं दुमडून. आठ हजार माणसं. छोट्या पोरी, म्हातारे, बँकेचा मॅनेजर. फाटकापाशी फोमचे मोठे हात विकायला ठेवलेत, दोन बोटांचे. ल्यूथरने एक आणून माझ्या उशीवर ठेवला. म्हणाला, आजपासून हा वापर, हा जास्त पकडतो.

मला ते बघवत नाही असं नाही. सवय होते. पण कधी कधी त्या सगळ्या हातांकडे बघताना वाटतं, यांना ट्रॅक्टरमागचा दांडा फिरताना दिसलेला नाही. यांना तो आवाज माहीत नाही. मग वाटतं, बरंच आहे.

मशीन शेडमागे तू मला चेंडू द्यायचीस, ते आठवतं का? अपघातानंतरचा पहिला हिवाळा. तू आईचे दोन स्वेटर घालून वाकायचीस आणि दरवेळी मी चेंडू सोडायचो, कारण त्याची शिवण माझ्या बोटांखाली न येता तळव्यात यायची. बाबा म्हणाले, त्याला जमणार नाही, पोराला छळू नकोस. तू दोन दिवस चेंडू हातात फिरवत बसलीस. तिसऱ्या दिवशी चेंडू जमिनीवरच उलटा फिरवून ठेवलास आणि मग दिलास. शिवण बरोबर माझ्या डाव्या बोटांखाली आली. सगळे सेंटर उजव्या हाताच्या माणसाला देतात तसाच चेंडू तू मला देत होतीस, चूक एवढीच होती. ल्यूथरला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याने विचारलं, बहीण कुठल्या कॉलेजात खेळते?

बर्फ वितळलं. थांबतो.

डॅरिल


१३ ऑक्टोबर

‘बर्फ रोज?’

बर्नी, तुला दोनपेक्षा जास्त शब्द लिहायला टपाल खातं जास्त पैसे घेतं का?

बरं. एक गोष्ट सांगतो, माझी नाही. आमच्या संघात एक मुलगा आहे. हंगामाच्या सुरुवातीला त्याला डाव्या खांद्यावर मार बसला. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे. हातातून वीज गेल्यासारखं झालं आणि हात लोंबला. मग मुंग्या आल्या, मग गेल्या. असं सगळ्यांना होतं. त्याला नाव आहे, औषध नाही, लोक हात झटकतात आणि परत उभे राहतात. त्यानेही झटकला.

पण पुढच्या सामन्यात परत झालं. आणि मग मुंग्या जाईनात. आता त्या त्याच्या बोटांत राहायलाच आल्यात. तो सकाळी बुटाच्या नाड्या बांधतो तेव्हा त्या बांधल्या गेल्या की नाही हे बघावं लागतं.

हा मुलगा संघाच्या डॉक्टरकडे गेला नाही. सोमवारी तो एकटाच गाडी घेऊन सलायना शहरात गेला, तिथे त्याला कुणी ओळखत नाही. डॉक्टर तरुण होता, फुटबॉल बघणारा नव्हता. त्याने मानेचे फोटो काढले. म्हणाला, मणक्यापाशी शीर दबलीय. आत्ता थांबलास तर बहुतेक सगळं परत येईल. असाच आणखी एक मार बसला तर हात कायमचा जाऊ शकतो.

मग तो लिहिता लिहिता म्हणाला, दुसरा हात कसा आहे? मुलाने दुसरा हात जॅकेटच्या खिशातून काढला नाही.

त्या मुलाचं काय करावं ते मला कळत नाही. तो माझा मित्र आहे असंही नाही. खेळ सोडला तर त्याच्याकडे काही नाही. चार वर्षं तो वर्गात मागच्या बाकावर बसला. इतिहास घेतलाय, पण त्याला विचारलं तर कुठला इतिहास ते सांगता येणार नाही. लोक त्याच्याकडे बघतात ते फेकतो म्हणून. न फेकणाऱ्या अशा मुलाकडे लोक कसे बघतात हे त्याला चांगलं माहीत आहे. आठ वर्षांचा असताना त्याने ते बघितलंय. चर्चमध्ये बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि हळूच आईला म्हणायच्या, देवाची इच्छा.

बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

डॅरिल


३० ऑक्टोबर

पंधरा दिवस काहीच नाही. कार्ड नाही, ओळ नाही. मी त्या मुलाबद्दल लिहायला नको होतं. तो ठीक आहे आता. गॉर्डन त्याचा खांदा पट्ट्यांनी बांधतो, मानेमागे जाड गादी लावतो. तो खेळतोय, जिंकतोय.

आमचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना १२ तारखेला आहे. शेवटच्या वर्षाची मुलं त्या दिवशी सामन्याआधी घरच्या माणसांबरोबर मैदानावर चालत जातात. माइकवरून नाव पुकारतात, आईला फूल द्यायचं असतं, पांढरी शेवंती. आई नाही तर बहीण चालते. बाबांना त्या गर्दीत जमणार नाही, तुला माहीत आहे. पण तू ये. विक्रमही बहुतेक त्याच दिवशी होईल. कोच स्टॅनफिलने तुझ्यासाठी जागा ठेवलीय. तो माणूस वाईट नाही. त्याला फक्त शनिवार ते शनिवार एवढंच दिसतं.

टीव्हीवाली बाई येणार आहे, हे लपवत नाही. तुला तिच्याशी बोलावं लागणार नाही. तिने काही विचारलंच तर नुसती मान हलव.

तू रागावली आहेस. मी काय वाईट केलं ते मला अजून कळलेलं नाही. मी तुला चोर म्हटलं नाही, शूर म्हटलं. तू ट्रॅक्टरपाशी उभी होतीस, हात मडगार्डवर होता, आणि तू हललीच नाहीस. मी तुझ्याकडे बघत होतो, म्हणून मला माहीत आहे. तू बारा वर्षांची होतीस. आई घरातून पिठाच्या हातांनी धावत आली. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं का? कधीच नाही. मग आता तुझ्याबद्दल थोडं चांगलं सांगितलं तर बिघडलं काय? मला वाटलं होतं, तुला हलकं वाटेल.

येताना बीरॉक आण, आपले कोबी-खिमा भरलेले पाव. इथे एक बाई करते, पण ती कोबीत साखर घालते.

डॅरिल

पत्र परत वाचलं. अक्षराबद्दल काही विचारू नकोस.


७ नोव्हेंबर

‘येते. तू खेळणार नसशील तर.’

कार्ड शनिवारी मिळालं. मी ते सामन्याआधी वाचलं, हेल्मेटमध्ये ठेवलं, आणि खेळलो. आम्ही जिंकलो. आता विक्रमाला एका बऱ्या फेकीचं अंतर उरलंय. एक फेक, बर्नी. चालत जाऊन टाकला तरी होईल.

तू अट घालणार. तू. सहा वर्षं तू मला त्या शेडमागे उभं केलंस. बोटं फुटली तरी. बर्फात. मी रडायचो आणि तू म्हणायचीस, परत. तुझ्या तोंडात तेव्हा तेवढा एकच शब्द होता. मला फेकायला लावलंस तूच, आणि आता फेकू नको म्हणतेस.

आणि तुला काय माहीत आहे? मी एका मुलाबद्दल लिहिलं होतं.

बरं, नसेल तो मुलगा. मग काय? अजून एक दुपार. गॉर्डन इंजेक्शन देईल. दुखत नाहीच आहे, दुखलं असतं तर बरं झालं असतं. मी चेंडू हातात घेतो तेव्हा शिवण कुठे आहे ते मला कळत नाही, एवढंच. खाली बघावं लागतं. पापणी लवेपर्यंत बघतो. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

शनिवारनंतर हवं ते करा माझं. चिरा, शिवा. पण शनिवारी मला तिथे उभं राहायचंय. ते झालं की ती गोष्ट माझी होईल. नाहीतर माझ्याबद्दल कायम तेच सांगितलं जाईल, मशीनमध्ये हात गेलेला पोर. मी काय केलं ते कुणी सांगणार नाही. मला काय झालं तेच सांगतील.

तुला हे कळणार नाही असं लिहिलं होतं. ते खोडलंय.

गुरुवारी खोलीत आलो तर ल्यूथर फोनवर होता. मला बघून त्याने फोन ठेवला. मी विचारलं, आई होती का? हो म्हणाला. तो आईशी बोलताना इतका कमी बोलत नाही. पोरगी असेल. सध्या प्रत्येक जण माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

नको येऊस. मी एकटा चालेन.

डॅरिल


१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

हे अक्षर ल्यूथरचं आहे. मी सांगतोय, तो लिहितोय. उजव्या हाताने लिहू का विचारलं तर म्हणाला, तुझं ते कोंबडीचं अक्षर वाचून तुझी बहीण म्हातारी होईल.

तू आली नाहीस. मी खेळणार होतो, म्हणजे तू शब्द पाळलास.

माझं नाव पुकारलं तेव्हा ल्यूथरच्या आईने माझ्याही हातात हात घातला. आधी ल्यूथरबरोबर चालली, परत जाऊन माझ्याबरोबर चालली. विचिटाच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, आज नवी टोपी घातली होती. मी फूल तिला दिलं. ती म्हणाली, बाळा, तुझा हात गार आहे. मी म्हणालो, वारा आहे. वारा होताच, उत्तरेचा, झेंडे काठीला बडवत होता.

पहिल्या अर्ध्यात मी दोन चेंडू विरोधकांच्या हातात दिले. एक तर सुटलाच, ओल्या साबणासारखा. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला मार बसला. डावीकडून. मी पडलो आणि उठलो, तेव्हा हात माझ्याबरोबर उठला नाही. कोपरातून लोंबत होता. मी सगळ्यांकडे पाठ केली आणि उजव्या हाताने तो वर उचलून धरला, पट्टा सारखा करतोय असं दाखवत. मग हातात थोडा जीव आल्यासारखं वाटलं. मी परत जागेवर गेलो.

घरच्या मैदानाची रीत तुला माहीत आहे. आपल्याकडे चेंडू असला की लोक गप्प बसतात, म्हणजे संघाला हाक ऐकू जाईल. आज तर चर्चमध्येही नसते अशी शांतता होती. सगळ्यांना माहीत होतं, एक फेक. मी ल्यूथरमागे उभा राहिलो, त्याच्याखाली हात धरले, इशाऱ्याचे आकडे ओरडलो. चेंडू आला नाही.

परत ओरडलो. ल्यूथर वाकलेला, मुठीत चेंडू, हलला नाही. शिट्टी झाली, चेंडू द्यायची वेळ संपली, दंड म्हणून आम्हाला पाच यार्ड मागे सरकवलं. ल्यूथर असं कधी विसरत नाही. मी त्याच्या कुल्ल्यावर चापट मारली आणि परत उभा राहिलो. परत शांतता. मी आकडे ओरडलो. नाही. मग त्याने पायांमधून उलटं माझ्याकडे पाहिलं. हेल्मेटमधून त्याचे डोळे खाली आणि तोंड वर.

तो म्हणाला, “हाताला कळतंय का सांग. मग देतो.”

मी म्हणालो, “चेंडू दे.”

“सांग ना लाइकर. सोपा प्रश्न आहे.”

“ल्यूथर, आठ हजार माणसं बघतायत.”

“बघू देत. माझी आईपण बघतेय.”

परत शिट्टी. आणखी पाच यार्ड. आता लोक ओरडायला लागले. ते ल्यूथरवर ओरडत होते. त्याच्या आईसमोर, त्याच्या शेवटच्या दिवशी, घरच्याच लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते तो लिहू देत नाही.

(ल्यूथरची टीप, मिस लाइकर: मी लिहू देत नाही कारण शब्दांचं स्पेलिंग मला येत नाही. आणि कोचला सांग असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ते मी केलं नाही. कोचने यालाच विचारलं असतं आणि हा खोटं बोलला असता. याच्या तोंडचं खोटं लोकांना पटतं. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.)

तर फोनवर तू होतीस. त्या गुरुवारी. ल्यूथर सांगतो, तू आधी बराच वेळ हवामानाबद्दल बोललीस. मग एकच प्रश्न विचारलास, चेंडू हातात आल्यावर तो खाली बघतो का? ल्यूथर म्हणाला, तो माझ्यामागे असतो, मला दिसत नाही. पण मग त्याने सरावाची फिल्म काढून पाहिली, काल, सगळे जेवायला गेले तेव्हा. मी दरवेळी खाली बघत होतो.

आणि तू त्याला म्हणालीस, “मी एकदा नुसती उभी राहिले होते. त्यात काय होतं ते मला माहीत आहे. तू राहू नकोस.” हे मला सांगू नको असंही म्हणालीस. त्याने सांगितलं.

कोचने खेळ थांबवायला लावला. ल्यूथरच्या हेल्मेटच्या जाळीला धरून त्याला बाहेर काढलं. त्याच्याजागी दुसरा सेंटर पाठवला, नॉल नावाचा, आज्ञाधारक. ल्यूथर बाकावर जाऊन बसला. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला जे करता येत होतं ते त्याने केलं होतं.

म्हणजे आता मला कुणी अडवणारं नव्हतं. हे मला सांगायचंय, बर्नी, नीट लिही रे ल्यूथर. मला चेंडू मिळणार होता. नॉल वाकला. मी त्याच्यामागे गेलो, हात खाली धरले. समोर माणूस आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं. उजव्या हाताला त्याची पँट लागत होती, अंगठ्याला आणि करंगळीला. डाव्याला काहीच नाही. तिथे माणूस असो, वारा असो, त्या हाताला फरक नव्हता. मैदान परत गप्प झालं होतं, मी ओरडायची वाट बघत. नॉलही वाट बघत होता. त्याच्या मानेवर घाम होता.

मी हात काढून घेतले आणि चालत बाहेर आलो.

कोच म्हणाला, “काय झालं?”

मी म्हणालो, “हात गेला.”

“गेला म्हणजे? कुठे गेला?”

“माहीत नाही. बरेच दिवस झाले.”

मग त्याने माझं हेल्मेट काढून घेतलं आणि गवतावर ठेवलं, अगदी हळू, आत काही असल्यासारखं. गॉर्डनला हाक मारली. गॉर्डनने बोटं दाबली, प्रत्येक बोट दाबताना माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, किती दिवस? मी सांगितलं. त्याने कात्री काढली. सगळ्या पट्ट्या कापून टाकल्या.

स्टँडमधल्या लोकांना काय झालं ते कळलं नाही. त्यांना वाटलं मी पट्टा बदलून परत येणार. सगळ्यांनी अंगठा आणि करंगळी वर केली आणि तशीच धरून ठेवली. खूप वेळ. मग एकेक करून खाली घेतली.

आम्ही तीन गुणांनी हरलो. विक्रम तिथेच आहे, ज्याचा होता त्याचा. टीव्हीवाली बाई आली, मी म्हणालो, माझ्या सेंटरला विचारा. तिने विचारलं नाही. आईचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते एका वाक्यात सांगता येत नाही, आणि तिला एकच वाक्य हवं असतं.

ल्यूथरची आई गाडीत बसताना त्याला म्हणाली, “घरी आल्यावर बोलू.” मग मला म्हणाली, “तुझ्याशी पण.” आम्ही दोघंही घाबरलोय.

(ल्यूथरची टीप: मी नाही.)

मला काय वाटतंय ते विचारशील. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगतो. एका जागी बसवत नाही. ल्यूथर लिहितोय आणि मी खोलीत फेऱ्या मारतोय. तो म्हणतो, बस, मला चक्कर येते. सारखं वाटतं, ती एक फेक झाली असती. अजूनही वाटतं. ते जाईल असं कुणी म्हणत नाही. रागही आहे, तुझ्यावर आणि याच्यावर. तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे ठरवलंत. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, हे खरंय, पण विचारलं नाहीत.

तू चेंडू उलटा फिरवायला लागलीस तेव्हाही विचारलं नव्हतंस.

सही मीच करतो.

डॅरिल


१३ नोव्हेंबर, सकाळ

उजव्या हाताने. हे पत्र आता टपालात टाकत नाही. बाबा फोनवर म्हणाले, काल रेडिओवर ऐकलंस आणि उजाडायच्या आत ट्रक काढलास. आलीस की हातात देतो.

गॉर्डनने मला सलायनाच्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरने डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या बोटांना टाचणी टोचू लागला. अंगठ्याला कळलं. तर्जनीला कळलं, पण उशिरा. मग बराच वेळ तो टोचतच नाहीये असं मला वाटलं. डोळे उघडले तेव्हा टाचणी करंगळीत होती. ऑपरेशन मंगळवारी आहे.